मॅसॅच्युसेट्सच्या कुरणातला फिरंगी किल्ला

आधी माफी मागतो. प्रवासाबद्दल लिहिणारी माणसं निदान महिनाभर तरी फिरून आलेली असतात. मी गेलो तीन-चार दिवस, तेही दुसऱ्याच्या गाडीत. आमच्या घरात आजवर कुणी पत्रापलीकडे काही लिहिलेलं नाही आणि कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिलेलं घरी कुणाकडून तपासून घ्यायचीही सोय नाही. पण आमच्या रेवदंड्याच्या वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "पाहिलंस ते लिही. चुकलं तर मी आहे." त्यांच्या भरवशावर लिहितो. शिवाय या प्रवासात माझ्या हातून एक किल्ला पडला. ती गोष्ट माझ्या मित्राच्या, रोहनच्या तोंडून गावभर होण्याआधी मीच सांगितलेली बरी.

शुक्रवार

मी न्यू जर्सीत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतो आणि एडिसनला रंजनाकाकूंच्या तळघरातल्या खोलीत राहतो. काकू मूळच्या नागपूरच्या. त्यांचा मुलगा रोहन इथेच जन्मला, इथेच वाढला, आता हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. दर वर्षी मे अखेरच्या लांब सुट्टीत तो मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर जातो आणि तीन दिवस चौदाव्या शतकातला सैनिक होऊन राहतो. पोर्तुगालच्या सीमेवरच्या एका गावातून आलेली काही कुटुंबं तिकडे आहेत. त्यांच्या गावात नदीकाठी किल्ला आहे आणि नदीच्या पलीकडे स्पेन. त्या किल्ल्याला पूर्वी पडत असत तसा वेढा ही मंडळी इथल्या कुरणात पुन्हा घालतात. कपडे, जेवण, हत्यारं सगळं त्या काळासारखं.

रोहन म्हणाला, "तू चलच यार. तू तर लिटरली पोर्तुगीज फोर्टमध्ये वाढलायस."

ते खरंच आहे. आमचं घर रेवदंड्याच्या कोटाच्या आत. फिरंग्यांनी बांधलेल्या तटाला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्या वाड्यांत बाबा नारळ उतरवायचं काम करतात. लहानपणी वेशीवरच्या दगडात कोरलेल्या ढालीवर आम्ही नेम धरून कैऱ्यांच्या कोयी मारायचो. शाळेत मात्र फिरंगी म्हणजे शत्रू. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केला की त्यावर मावळे बसायचे, फिरंग्याला जागा नसायची. आता मीच त्यांचा पहारेकरी व्हायला निघालो होतो. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पगार देतात का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "जा मग, सुट्टी आहे तर. पण फोन उचल रे बाबा."

फोनचं कारण होतं. आई दहावीच्या निकालाची वाट बघत होती. हा निकाल तिचा स्वतःचा. आठवीत शाळा सुटली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राहिली आणि चाळिशी उलटल्यावर तिने बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. गेल्या वर्षी बाकीचे विषय निघाले, इंग्रजी आणि गणित राहिलं. इंग्रजीचं कुणालाच नवल वाटलं नाही. पण गणितात ती पक्की होती. झालं असं, की पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला असेल, तेवढ्यात शिपाई वर्गात येऊन सांगून गेला की घरून माणूस आलाय, तुमचे मालक झाडावरून पडले. आई पेपर टाकून धावत घरी आली. बाबा ओटीवर चहा पीत बसलेले. पाय मुरगळला होता, बाकी काही नाही. त्यानंतर आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. या मार्चला पेपरला जाताना तिने घरातल्या सगळ्यांना उभं करून बजावलं, "तीन तास कुणी मेलं तरी मला बोलवायचं नाही."

इंग्रजी मी शिकवायचो. सकाळी कॉलेजच्या ट्रेनमध्ये बसलो की फोनवर ती मला स्पेलिंगं म्हणून दाखवायची. निकाल आता कधीही लागेल, असं बातम्यांत येत होतं.

चार तासांच्या ड्राइव्हनंतर आम्ही पोचलो, तेव्हा अजून उजेड होता. टेकड्यांच्या मध्ये हिरवंगार कुरण, कडेला गायींचा गोठा, आणि कुरणाच्या मधोमध किल्ला. मी बघतच राहिलो. राखाडी दगडाची भिंत, दोन बुरूज, मध्ये कमानीचं दार, वर निशाण. गाडी वळून मागच्या बाजूला गेली आणि मला हसू आलं. मागे काहीच नव्हतं. लाकडी परांची, गवताचे भारे, पाण्याची पिंपं. समोरून किल्ला, मागून गोठा. दिवाळीच्या किल्ल्याचीही मागची बाजू भिंतीला टेकवून आपण अशीच सोडून देतो.

ही भिंत एका माणसाने एकट्याने बांधली. मॅन्युएल त्यांचं नाव, वय पंचाहत्तरच्या पुढे, आयुष्यभर गवंडीकाम केलेले. गावच्या किल्ल्याचा एक फोटो समोर ठेवून पाच उन्हाळे दगड रचत होते, असं रोहनने सांगितलं. शेत त्यांच्या भाच्याचं. त्यांची मुलगी ग्रेस शाळेची बस चालवते आणि या तीन दिवसांत किल्लेदार असते. तिनेच आम्हाला फाटकाशी अडवलं. समोर एक लाकडी पेटी उघडी होती.

"फोन, घड्याळं, चष्म्याच्या प्लास्टिकच्या डब्या, सगळं इथे. सोमवारी परत," ती म्हणाली.

काकूंनी बांधून दिलेल्या डब्यातली ठेच्याची बाटली तिने उजेडात धरली. "हे काय?"

"मिरची."

"मिरची कोलंबसनंतरची. आम्ही त्याच्या शंभर वर्षं आधीचे आहोत."

मी चाचरत म्हणालो, "आमच्याकडे मिरची तुम्हीच आणलीत."

ती हसली, पण बाटली पेटीत गेली. फोन हातात धरून मी थांबलो. आईच्या निकालाचं सांगितलं. ग्रेस म्हणाली, "हवा तर ठेव, पण या खोलगटात सिग्नल नाहीच. वर शेतघरात साधा फोन आहे. कुणी केला तर निरोप येतो." मी वर शेतघराशी जाऊन तो नंबर काकूंना कळवला आणि खाली येऊन फोन पेटीत ठेवला. पेटीला कुलूप लागलं.

शनिवार

लोकरीचा अंगरखा मे महिन्यात घालणं काय असतं ते घातल्याशिवाय कळणार नाही. मान, काखा, पाठ सगळीकडे टोचत होतं. रोहन वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला, म्हणजे शत्रू. त्यांचा तळ रस्त्याच्या बाजूला, शेतघराजवळ. मी नवखा म्हणून मला सगळ्यात सोपं काम दिलं: दारावर उभं राहायचं.

तिथला नियम आधी सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. किल्लेदार राजाच्या दोन्ही हातांत आपले हात देऊन शपथ घेतो की राजाचा शब्द आल्याशिवाय हे दार उघडणार नाही. भुकेने नाही, भीतीने नाही, कुणाच्या सांगण्यानेही नाही. सोमवारी दुपारी राजाचा जासूद पत्र घेऊन येतो आणि वेढा उठतो. तोवर शत्रूने हवी ती युक्ती करावी. लढाई लुटुपुटूची, पण युक्त्या खऱ्या. आठ वर्षांत किल्ला एकदाही पडला नव्हता.

मोठ्या दाराच्या एका फळीत लहान दार आहे, वाकून एक माणूस जाईल एवढं. आपल्या गडांवर त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. शेजारी डोळ्याएवढं भोक. ग्रेसने दिंडीचा अडसर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काहीही झालं तरी."

मी म्हणालो, "काहीही झालं तरी."

दहाच्या सुमाराला दारावर थाप पडली. भोकातून पाहिलं तर एक जाडजूड माणूस दगडावर बसलेला. चिलखतात तोंड लालबुंद, केस घामाने चिकटलेले. शत्रूच्या रंगाचे कपडे होते, पण हातात काही नव्हतं.

"मित्रा, थोडं पाणी मिळेल का?"

मला वाटलं, याला खरंच त्रास होतोय. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात आणि मग नाव. बाबांशी भांडायला आलेल्या माणसालाही आईने आधी तांब्या दिलेला मी पाहिलाय. त्याने पाणी प्यायचं आणि मग भांडायचं. मी पिंपातून लाकडी पेला भरला. भोकातून तो जाईना. मग मी अडसर काढला, दिंडी उघडली आणि पेला पुढे केला.

त्याने पेला घेतला आणि खरोखर पाणी प्यायला. तो पीत असतानाच भिंतीच्या कडेला लपलेली सात-आठ माणसं त्याच्या अंगावरून आत घुसली. त्यात रोहनही होता. जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "थँक यू ब्रो!" बुरुजावरचं निशाण उतरलं, तेव्हा तिकिटाच्या रांगेतल्या प्रेक्षकांनी शेतात पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं.

कुणी मला ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ग्रेस नुसती परांचीवर बसली आणि तिने शिरस्त्राण काढून मांडीवर ठेवलं. लाल तोंडाचा माणूस शत्रूंचा सरदार निघाला. नाव टॉम, एरवी दवाखान्यात लोकांचे दात काढतो. रिकामा पेला त्याने माझ्या हातात आणून दिला.

"तहान खरी होती," तो म्हणाला. "तू दार उघडशील असं मला वाटलं नव्हतं. उघडलंस म्हटल्यावर मागच्यांना राहवेना."

जेवणाच्या वेळी दोन्ही बाजू एकत्र बसल्या. टॉम उभा राहिला आणि त्याने जाहीर केलं की पाणी देणाऱ्याच्या हातून घेतलेला किल्ला मला नको. उद्या रविवार, बाजाराचा दिवस, लढाई नाही. सोमवारी नव्याने वेढा घालू. "पण एक अट आहे," तो म्हणाला. "दारावर हाच पाहिजे."

सगळं कुरण हसलं. रोहन तर गवतावर आडवा झाला. मलाही हसावं लागलं, पण कान तापले होते. मी ग्रेसकडे गेलो आणि सांगितलं की मला दुसरं काम द्या, लाकडं फोडतो.

तेवढ्यात मागून मॅन्युएल म्हणाले, "दारावर तोच राहील. कालपर्यंत त्याला माहीत नव्हतं दार कसं जातं. आता या शेतावर त्याच्याइतकं ते कुणालाच माहीत नाही."

रविवार

सकाळी मॅन्युएल भिंतीतले निखळलेले दगड बसवत होते. मी त्यांना चुना कालवून द्यायला लागलो. माझ्या तोंडून सहज "काका, एवढा पुरे का?" असं गेलं. शब्दाचा अर्थ त्यांनी विचारला. वडिलांचा भाऊ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि मग दिवसभर मी हाक मारायच्या आतच वळून बघायला लागले.

त्यांना मी आमची वेस सांगितली. फोन नव्हता, मग कोळशाने फळीवर काढून दाखवली. कमान, वर ढाल, ढालीवर मुकुट. ते फळीसमोर उकिडवे बसले.

"हे तुमच्या गावात आहे?"

"हो. आमच्या घरापासून दोन मिनिटं."

"अजून उभं आहे?"

"पोफळीची मुळं शिरलीयत. पण उभं आहे."

त्यांनी मी काढलेल्या कमानीतला मधला दगड बोटाने पुसला आणि थोडा वर काढला. "इथे बसतो तो. तू खाली काढलास. तो पडला असता." मग विचारलं, "तिथे कोण राहतं आता?"

"आम्ही," मी म्हणालो. कोयींचं मी सांगितलं नाही.

दुपारचं जेवण इथे सांगायलाच हवं. खारवलेला मासा दोन दिवस पाणी बदलत भिजवून ठेवला होता. तो शिजायला लागला तसं रोहन नाक दाबून लांब जाऊन बसला. मला मात्र त्या वासाने एकदम आमच्या मागच्या अंगणात दोरीवर वाळणारे बोंबील दिसले. सोबत काबुली चणे, हिरव्या पानांचं पातळ सूप आणि बार्लीची जाड, काळपट भाकरी. चव नाचणीच्या जवळ जाणारी, फक्त आंबूस. मी तीनदा वाढून घेतलं. मासा वाढणाऱ्या बाईंनी ग्रेसला विचारलं, "हा पोरगा कुणाचा?" मॅन्युएल म्हणाले, "आमच्याच एका किल्ल्यातला आहे." ठेचा असता तर मी चौथ्यांदाही घेतलं असतं.

जेवून आम्ही बुरुजाच्या सावलीत बसलो तेव्हा मी त्यांना आईचं सांगितलं. गेल्या वर्षीचा पेपर, बाबांचा पाय, सगळं. मॅन्युएल चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी विचारलं, "दहावीच्या गणितात काय असतं?" मी वर्तुळ, स्पर्शिका, समीकरणं असं सांगत गेलो. ते म्हणाले, "मला कमानीचं गणित येतं. कागदावर नाही येत." आणि थोड्या वेळाने, "तुझी आई उठून गेली, ते तिला चुकीचं वाटतं का?"

मी म्हणालो, "उठून गेली त्याचं नाही वाटत. आधी नीट विचारलं नाही त्याचं वाटतं."

शनिवारची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणणं मला उद्याही जमणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे दार तरी सोडायचं, नाहीतर पाणी. दोन्ही सोडायचं नसेल तर काय करायचं, याचा विचार करत मी परांचीवर पाय सोडून बसलो आणि खाली गुंडाळलेला दोर दिसला.

बाबा शहाळ्यांची पेंड, म्हणजे अख्खा घड, वरून कधी टाकत नाहीत, शहाळी फुटतात. देठाला दोराचा फास घालतात, दोर झावळीच्या बुंध्यावरून घेतात आणि हळूहळू सोडतात. पेंड जमिनीला टेकली की दोर सैल पडतो आणि एका झटक्यात फास आपोआप सुटतो. ती गाठ मला दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून येते. मी लाकडी बादलीच्या कडीला दोर बांधला, बुरुजाच्या दातेरी कठड्यावरून घेतला आणि बादली बाहेर सोडून पाहिली. पहिल्या वेळी निम्मं पाणी भिंतीवर सांडलं. सातव्या वेळी थेंबही सांडला नाही.

ग्रेसने खालून विचारलं, "शत्रूला पाणी द्यायचं?"

मी मॅन्युएलकडे पाहिलं. ते म्हणाले, "शपथ दाराची आहे. पाण्याबद्दल राजा काही बोलला नव्हता."

सोमवार

नऊला वेढा सुरू झाला. आज कुरणावर दोन-तीनशे प्रेक्षक होते आणि शनिवारची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. लहान पोरं दाराशी येऊन "पाणी! पाणी!" ओरडत होती.

टॉम आला, त्याच दगडावर बसला. "मित्रा, पाणी मिळेल का?"

मी वरून बादली सोडली. ती त्याच्या पायाशी टेकली, मी झटका दिला, फास सुटला. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. मग बादली उचलून तोंडाला लावली आणि उरलेलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर शत्रूकडचे लोक रांगेने येऊन पाणी पीत आणि रिकामी बादली दोराला अडकवून जात होते. दिंडीचा अडसर जागचा हलला नाही.

मग एक बाई पोटदुखीचं सोंग घेऊन आली. एक जण राजाचा जासूद म्हणून आला, पण त्याच्या पत्रावर शिक्का नव्हता. मी घामाने भिजलो होतो, मान टोचत होती, पण आता मला दार आवडायला लागलं होतं.

अकराच्या सुमाराला भोकातून रोहन दिसला. धापा टाकत होता.

"नीलेश, ओपन कर. तुझ्या आईचा रिझल्ट आलाय."

मी हसलो. "बरी आहे युक्ती."

"युक्ती नाही यार! माझ्या आईचा फोन आला होता वर, शेतघरात. मावशी पहाटेपासून तुला ट्राय करतायत. शेवटी त्यांनी आईला कॉल केला."

"काय लागला निकाल?"

"ते नाही सांगितलं. मावशी म्हणाल्या, मीच त्याला सांगणार. तू वर चल, शेतघरातून कॉल करू."

मी भोकाला डोळा लावला. त्याच्यामागे, भिंतीच्या कडेला, टॉम आणि तिघे-चौघे उभे होते. लपले नव्हते, पण दूरही नव्हते. आईचं मी शुक्रवारपासून सगळ्यांना सांगत सुटलो होतो. शत्रूने हेच वापरायचं ठरवलं असेल तर त्यात नवल नव्हतं. शेजारी मराठी कळणारं कुणी नाही, म्हणून आम्ही दोघं दाराच्या दोन बाजूंनी मोठ्याने बोलत होतो आणि प्रेक्षक हा नाटकाचाच भाग समजून शांत ऐकत होते.

"रोहन, आईची शपथ घे."

"आईची शपथ! आय स्वेअर! तिकडे रात्रीचे साडेआठ वाजलेत. पत्र तीन वाजता येणार, तोपर्यंत त्या झोपतील ना!"

मग मला कळलं की तो खरं बोलतोय. आई नऊला झोपते आणि चारला उठते, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. ते काकूंनीच सांगितलं असणार.

अडसरावर माझा हात होता. हे सगळं खोटं आहे, मी मनाशी म्हणालो. दार आठ उन्हाळ्यांपूर्वी बांधलंय, मागे गवताचे भारे आहेत, राजा नाही. ग्रेसला सांगितलं असतं तर तिने लगेच दुसऱ्याला उभं केलं असतं. मी वळून पाहिलं. ती पलीकडच्या बुरुजावर होती, पाठमोरी. मॅन्युएल परांचीखाली स्टुलावर बसून माझ्याकडेच बघत होते. त्यांना मराठी येत नाही, पण काहीतरी समजलं असावं. त्यांनी मला नको अशी खूण केली नाही आणि जा अशीही नाही.

मला आठवली आई, मार्चमधली, पट्टी आणि दोन पेनं हातात घेऊन उंबऱ्यात उभी. तीन तास कुणी मेलं तरी. कुणी मेलं नव्हतं. निकाल लागला होता, तो आता बदलणार नव्हता.

"रोहन," मी म्हणालो, "माझ्या आईला कळव, मी दारावर आहे. तीनला सुटतो."

"आर यू सीरियस? दिस इज प्रिटेंड, यार!"

"माहीत आहे."

मग त्याने शिरस्त्राण काढलं, घाम पुसला आणि म्हणाला, "ओके. पण बादली तरी सोड. तहान लागलीय." मी बादली सोडली. पाणी पिऊन तो वर शेतघराकडे पळत गेला. टॉम आणि त्याची माणसं बाजूला झाली. त्यानंतर दाराशी कुणी युक्ती करायला आलं नाही, एवढं मात्र मला जाणवलं.

तीन वाजता जासूद घोड्यावरून आला. पत्रावर लाल शिक्का होता. ग्रेसने तो मला दाखवला, मी नीट पाहिला, पुन्हा एकदा पाहिला. लोक हसले. मग मी अडसर काढला आणि आम्ही दोघांनी मिळून मोठं दार उघडलं. मॅन्युएलकडे एक लाकडी फळा आहे, त्यावर दर वर्षाची एक रेघ असते. यंदाची रेघ त्यांनी माझ्याकडून मारून घेतली. शनिवारची म्हणून तिच्याखाली त्यांनी स्वतः एक पाण्याचा थेंब काढला.

पेटी उघडली. फोन आणि ठेचा दोन्ही मिळाले. ठेचा मी ग्रेसला दिला, आता वेढा उठला होता आणि काळही पुढे सरकला होता. फोन घेऊन मी शेतघराच्या चढावर गेलो, लोकरीच्या अंगरख्यातच. शेवटच्या वळणावर सिग्नल आला आणि फोन हातात थरथरायला लागला. आईचे अकरा फोन येऊन गेले होते. शेवटी एक निरोप होता, तिच्या आवाजातला. मागे बाबा खोकत होते.

"नीलू, तू दारावर आहेस म्हणून सांगितलं त्या पोराने. बरं केलंस. ऐक. गणित सुटलं. एकसष्ट. इंग्रजी राहिलं, बावीस. तुझे बाबा म्हणतात पुरे आता, मी म्हटलं, तुम्ही झाडावर चढू नका म्हणजे झालं. उद्या जुलैचा फॉर्म भरते. रोज अर्धा तास नाही पुरत, आता तासभर काढ. मी आता झोपते. आणि सकाळी सांग, तुमचा किल्ला राहिला का?"